छातीतली जळजळ आणि मी

३ फेब्रुवारी, सोमवार
निवड झाली! पडघ्याजवळच्या मेडिकल कॉलेजात डॉक्टरकीच्या पोरांची परीक्षा आहे. खऱ्या पेशंटला किती वेळा तपासणार, म्हणून नकली पेशंट घेतात. त्याने आजारी असल्यासारखं बोलायचं, पोरांनी आजार ओळखायचा. माझ्यासारखा माणूस त्यांना कुठे मिळणार? वळ गावच्या नाटकात इन्स्पेक्टर मीच असायचो. आता शेतावर गोडाऊन उभं राहिलं, मी दिवसभर मोकळाच. निशा म्हणाली, "घरान काम सांगला का तुमी आजारीच परता, त्यान नवीन काय?" बायकोला कला कळत नाही.

५ फेब्रुवारी
भूमिका मिळाली. अ‍ॅसिडिटी. जेवल्यावर छातीत जळजळ, रात्री आंबट ढेकर. एवढंच! मी डॉ. स्नेहा मॅडमना विचारलं, हार्ट अटॅक शिल्लक नाही का? नाही म्हणाल्या. नियम सांगितला : विचारतील तेवढंच बोलायचं, पदरचं काही घालायचं नाही. प्रत्येक पोराला सारखाच पेशंट मिळाला पाहिजे, नाहीतर परीक्षा कसली.
पटलं. शब्दशः पाळणार. फक्त पात्राला थोडी खोली देणार.

८ फेब्रुवारी
तालीम. वरच्या वर्गातल्या एका पोराने विचारलं, काका, काय त्रास होतो? मी खुर्चीवरून खाली पडलो. सिस्टर मशीनची गाडी ढकलत धावत आली. मॅडम म्हणाल्या, केसरीनाथदादा, तुम्हाला अ‍ॅसिडिटी आहे. मी म्हटलं, जुनी आहे. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. भारावल्या असणार.

११ फेब्रुवारी
खऱ्या पब्लिकपुढे चाचणी घ्यावी म्हणून वज्रेश्वरीच्या एस.टी.त बसलो आणि अंबाडीच्या अलीकडे कण्हायला लागलो. पॉवरलूमवरच्या एका कामगाराने जागा दिली. "चाचा, लेट जाओ," म्हणाला, स्वतःच्या बाटलीतलं पाणी पाजलं. कंडक्टरने बेल मारून गाडी थांबवली, रिक्षा बोलावली. तेव्हा मी उठलो, सगळ्यांना नमस्कार केला आणि सांगितलं की हा अभिनय होता.
उरलेला रस्ता चालत. चालणं पोटाला चांगलं.

१५ फेब्रुवारी, परीक्षा
सकाळचे पहिले दोन-तीन जण अगदी नियमाने केले. पण तेच तेच बोलून कलावंत मरतो. पुढच्याला रक्ताची उलटी दिली. त्याच्या पुढच्याला सासऱ्यांचं दुखणं दिलं. दर्शन नावाच्या पोराला काहीच दिलं नाही, नुसता त्याच्याकडे बघत राहिलो. तो घामाघूम.
मग जागृती आली. जव्हारकडची, पाड्यावरून डॉक्टर होणारी पहिलीच पोर, असं बाहेर सिस्टर सांगत होती. आत येऊन बसली आणि मग विचारलं, आत येऊ का? ठरवलं, हिला मदत करायची. सगळी लक्षणं न विचारताच सांगून टाकली. तिने ती ऐकून घेतली आणि विचारलं, "काका, आणखी काही सांगायचंय का?"
हा प्रश्न मला पुष्कळ वर्षांत कोणी विचारला नव्हता. पोरगा प्रितेश पुण्याहून फोन करतो तो आईला. निशा टीव्ही बघते. मी बोलत सुटलो. गोडाऊनच्या जागी भात कसा डोलायचा, आता सकाळी उठून कुठे जायचं ते कळत नाही, सगळं. तिने मध्ये तोडलं नाही. बेल वाजली तेव्हा पोट तपासायचं राहून गेलं होतं.
तरी मदत झालीच असणार.

१६ फेब्रुवारी
मॅडमचा फोन. प्रत्येकाला वेगळा आजार दिल्यामुळे माझ्या टेबलाचे मार्क रद्द. सगळ्यांची फेरपरीक्षा. जागृती बाहेर रडत होती म्हणे, तिला वाटलं वर्ष गेलं.
जेवण गेलं नाही. पण विचार केला तर फेरपरीक्षा म्हणजे पोरांना सरावच. फोन निशाला द्या म्हणाल्या. दिला.

२२ फेब्रुवारी
माझ्या जागी निशा! मॅडमनी तिलाच विचारलं. विचारलं तेवढंच बोलली म्हणे, एक शब्द जास्त नाही. घरी हे कधी जमलं नाही. मी बाहेर बाकावर. जागृती पास झाली, बाहेर येऊन निशाच्या पाया पडली. मग माझ्याही पडली. कशासाठी, ते विचारायचं धाडस झालं नाही.
आता दिग्दर्शनाकडे वळावं म्हणतो.

२५ फेब्रुवारी
सकाळी कमरेतून कळ निघाली ती थेट खाली. उभं राहवेना, बसवेना. निशाने रिक्षात घालून त्याच कॉलेजच्या दवाखान्यात आणलं. दारात दर्शन. हसायला लागला. काका, आज परीक्षा नाहीये! मी फरशीवर लोळलो. त्याने मित्रांना बघायला बोलावलं. एक जण म्हणाला, काका, थोडं कमी करा, खरं वाटत नाही.
गर्दीतून जागृती पुढे आली. खाली बसली, कमरेवर हात ठेवून विचारलं, इथे? मी नुसती मान हलवली. तिने ओरडून स्ट्रेचर मागवलं, मॅडमना बोलावलं. मुतखडा निघाला. इंजेक्शन दिलं तेव्हा जीव थाऱ्यावर आला. दर्शन येऊन सॉरी म्हणून गेला.
संध्याकाळी निशा डबा घेऊन आली. उशाशी जागृती सलाईन बघत होती. मी निशाला म्हटलं, फार दुखलं गं.
निशाने माझ्याकडे बघितलं, मग जागृतीकडे वळून हळूच विचारलं, "पोरी, या वेलेला खरा हाय ना?"