द्राक्षाचं ऑपरेशन आणि खिडकीजवळचा पलंग

नारायण पेठ, पुणे
रविवार

ती. श्यामलावन्सं,

गुरुवारी सकाळी दूध उतू जायच्या आत उतरवलं, दोन पोळ्या लाटल्या (एकटीपुरतं करायची सवय अजून हाताला लागत नाही, दुसरी दुपारी मीच खाते) आणि शिलाईच्या मशीनला तेल घालत बसले होते, तेवढ्यात बद्रीनाथरावांचा फोन आला. बघा, नमस्कार राहिलाच. साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, कागदावरचाच मानून घ्यावा.) तुमची साखर कशी आहे? आंबा खरंच बंद केलात की डॉक्टरांसमोर नुसतं म्हणता? मी फोनच केला असता, पण फोनवर आपण दोघी रडतो आणि सांगायचं ते राहून जातं.

तर बद्रीनाथराव, म्हणजे आपल्या पेठेतल्या ज्या हॉस्पिटलात हे गेले त्याचे अध्यक्ष. तिथे ऑपरेशन करणारा रोबो घ्यायचा की नाही, ते ठरवायची सभा संध्याकाळी होती. रुग्णाच्या घरचं कोणीतरी सभेला असावं असा तिथला नियम आहे. त्यांनी मला निवडलं. म्हणाले, "वहिनी, जास्त बोलायचं नाही. एवढंच सांगा, हे यंत्र असतं तर माझे यजमान आज असते. लोकांचे हात आपोआप सैल होतील." हेच त्यांनी तुम्हालाही सांगितलंय, आणि तेव्हापासून तुम्ही भावासाठी दर फोनला विचारता, "खरंच वाचला असता का गं आपला बाळ?" त्याचं उत्तर मिळेल म्हणून मी गेले.

जाण्याआधी यंत्राचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. मी सातवी पास, पण छापलेलं दिसलं की मला राहवत नाही, हे तुम्ही जाणताच. (तुमच्या लग्नातल्या भांड्यांना गुंडाळलेला पेपर मी वाचत बसले होते, ते अजून काढता.) त्यात यंत्राचे हात चार, हे कळलं. वॉर्डात आम्ही होतो तेव्हा मावश्या दोन होत्या.

सभेत कंपनीच्या टायवाल्या गृहस्थांनी पडद्यावर चित्रफीत दाखवली. यंत्रानं एका द्राक्षाची साल अलगद सोलली आणि परत शिवली. टाळ्या पडल्या. यमुनाबाई, तिथल्या जुन्या मेट्रन, आता विश्वस्त आहेत. त्यांनी विचारलं, "द्राक्षाला झालं काय होतं?" कोणी हसलं नाही. मला हसू आलं आणि ते दाबताना ठसका लागला. बद्रीनाथरावांना वाटलं हुंदका आला. त्यांनी पाणी मागवलं.

मग चर्चा. मला वाटत होतं आधी विचारतील, किती आजाऱ्यांना याची गरज पडते? ते शेवटी विचारलं, चहा आल्यावर. आधी ठरलं ते असं की नदीपलीकडच्या हॉस्पिटलानं घेतलंय, म्हणजे आपण मागे राहता कामा नये. (गणपतीत शेजारच्या मंडळानं देखावा हलता केला की आपल्या मंडळाचं होतं, तसंच.) एक मोठे सर्जन यंत्र नसेल तर सोडून जाईन म्हणतात. आणि एवढं महाग यंत्र रिकामं ठेवून परवडणार नाही, म्हणजे ते आलं की त्याला ऑपरेशनं पुरवावी लागणार. यमुनाबाई म्हणाल्या, "म्हणजे आजारी माणूस यंत्रासाठी." बद्रीनाथराव म्हणाले, "बाई, चहा घ्या."

सभेआधी मी डॉक्टर तनुजाला जिन्यात गाठलं होतं. हिनंच यांना पाहिलं होतं. विचारलं, खरं सांग. ती दोन पायऱ्या खाली आली आणि माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "नाही काकू. काकांचं ऑपरेशन होण्यासारखंच नव्हतं. कुणाच्याच हातानं नाही." वन्सं, मला 'हो' हवं होतं. 'हो' म्हणाली असती तर रागवायला एखादी जागा तरी मिळाली असती.

म्हणून माझी पाळी आली तेव्हा उभी राहिले आणि सांगितलं, हे यंत्र असतं तरी हे गेलेच असते. पण त्या खिडकीजवळच्या पलंगाचं हँडल फिरत असतं आणि डोक्याकडची बाजू वर झाली असती, तर यांना शेवटी श्वास जरा सोपा गेला असता. आडवं झालं की यांचा जीव घाबरा व्हायचा, आणि हँडल गंजून बसलेलं. तेवढं आधी करा.

बद्रीनाथराव हळूच म्हणाले, "हँडल हा आजच्या सभेचा विषय नाही." यंत्र मंजूर झालं. विरोधात यमुनाबाई आणि मी, पैकी माझं मत धरत नाहीत, असं नंतर कळलं. सभेचा वृत्तांत काल घरी आला. त्यात लिहिलंय, 'श्रीमती राधाबाईंनी भावपूर्ण शब्दांत पाठिंबा दिला.' तोच कागद तुम्हालाही येईल. त्याच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून कुरियरनं धाडतेय.

काळजी घ्यावी. आंबा खाऊ नये. खाल्लाच तर लपवू नये.

तुमची,
राधा

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. यंत्रावर बाळचं नाव लागावं म्हणून तुम्ही आईंच्या पाटल्या मोडणार आहात, असं बद्रीनाथरावांनी सभेत सांगितलं. मोडू नका. तो वाचला नसता, वन्सं. कशानंच नाही. पाटल्या हातातच राहू द्या, तुम्ही आलात की मला त्यांचा आवाज ऐकायचाय.

ता. क. दुसरा. एक सभेत सांगितलं नाही. हँडल फिरत नव्हतं म्हणून मी पलंगावर यांच्या पाठीमागे बसायचे आणि हे माझ्यावर रेलायचे. संसारात चारचौघांत कधी जवळ बसले नव्हते, तिथे दुपारभर बसायचे. एकदा म्हणाले, "तू उशीपेक्षा बरी आहेस." हँडल चालत असतं तर हे मला मिळालं नसतं. म्हणून मी सभेत जे मागितलं ते मला खरंच हवं होतं का, ते माझं मलाच कळत नाही. पण त्या पलंगावर आता दुसरे गृहस्थ आहेत, आणि त्यांच्यापाठी बसायला कोणी नाही.

शुक्रवारी सकाळी मी शिलाईच्या मशीनच्या तेलाची कुपी घेऊन वॉर्डात गेले आणि त्या हँडलला तेल घातलं.