बुलडॉगच्या दोन रेघा

३ मार्च

माझ्यासारखा भाऊ वैऱ्यालाही मिळू नये!

धाकट्याच्या घशातल्या गाठीचे रिपोर्ट घेऊन सर्जनकडे गेलो होतो. ऑपरेशन होणार हे ठरलेलंच. धाकटा आत आलाच नाही. बाहेर बाकावर बसून राहिला. "दादा, तूच विचार. आवाज राहील का, एवढंच. माझी जीभ नाही रेटणार." बसस्थानकावर घोषणा करतो तो. लोक पाटी बघत नाहीत, त्याचा आवाज ऐकून गाडीकडे धावतात.

आत गेलो आणि सर्जनच्या मागे काचेच्या कपाटात तंबाखू ओढायचा पाईप दिसला. बुलडॉग घाटाचा! ठेंगणा, हनुवटी पुढे काढून बसलेला. तंबाखूच्या वाटीच्या कमरेवर दोन बारीक रेघा, दांडीचा काप पत्त्यांतल्या चौकटीसारखा. "वडिलांचा," सर्जन म्हणाले. तेही माझ्यासारखे पाईप जमवणारे निघाले. हातात दिला. मग काय! रेघा इतक्या शाबूत कशा राहिल्या, यावरच बोलत बसलो.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणखी काही विचारायचंय?"

मी विचारलं — "चीर नाही ना गेलेली याला कुठे?"

बाहेर आलो. धाकटा उभा. "काय म्हणाले?"

"राहील म्हणाले." निघूनच गेलं तोंडातून. त्याने माझा हात धरला. घट्ट.

४ मार्च

सर्जनना फोन करून विचारायला हवं होतं. केला नाही.

५ मार्च

काय आहे त्या आकारात? आमच्या पाईप जमवणाऱ्या चार टाळक्यांचं यावर कधी एकमत झालं नाही. नकाशे काढणारा म्हणतो, बाकीचे पाईप देखणे, हा ठाम. घड्याळजी म्हणतो, सगळा जीव त्या दोन रेघांत. कुणी जरा जास्त घासलं, पॉलिश केलं की बुजल्या. मग उरतो नुसता लाकडाचा ठोकळा. म्हणून शाबूत रेघांचा दिसला की आम्ही लाळ गाळतो.

आज माझे काढून पुसत बसलो होतो. ही दारात. "लाज नाही वाटत? घरात कशाचं दुखणं आलंय!"

"मी ओढत नाही. नुसते जमवतो."

"तेच म्हणतेय मी."

७ मार्च

केला एकदाचा फोन. "अहो, स्वरयंत्रच काढावं लागणार. आवाज कसा राहील?" सर्जनना नवल वाटलं. "तुम्ही काही विचारलं नाहीत, मला वाटलं कल्पना आहे. भरती झाले की मी बोलतोच त्यांच्याशी."

म्हणजे मी नाही सांगितलं तरी कळणारच. क्षणभर बरं वाटलं. तेवढ्यासाठीच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

८ मार्च

स्थानकावर धाकट्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. त्याने सगळं ऐकलं. मग माइक चालू करून एक गाडी पुकारली — खणखणीत, दोनदा. माइक बंद केला.

"मग तेव्हा 'राहील' असं का म्हणाले ते?"

"ते नाही म्हणाले. मी विचारलंच नव्हतं."

"एवढा वेळ आत काय करत होतास?"

सांगितलं. खोटं बोलायचं बळ नव्हतं.

"पाईप?" एवढंच म्हणाला. पुढची गाडी लागली होती. "जा दादा आता."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१० मार्च

आज भरती व्हायचं होतं. आला नाही! सकाळीच घरातून निघालाय. फोन बंद. भावजयीचा फोन — "भाऊजी, तुमच्याकडे आलेत का हो?" काय बोलणार! स्थानकावर जाऊन आलो. घोषणा दुसरंच कुणीतरी करत होतं.

११ मार्च

आला. आपल्या पायांनी, बॅग घेऊन. सर्जनशी एकट्याने बोलला, सही केली. आत नेताना भावजय माझ्याजवळ आली. डोळे पुसून हसली. "काल घाबरून कुठेतरी बसून होते. पण तुम्ही स्वतः विचारून आलात ना, आवाज राहील म्हणून — त्यावरच तयार झालो, असं हेच म्हणाले मला. खरं ना, भाऊजी?"

तिच्या मागे स्ट्रेचरवरून धाकटा माझ्याकडे बघत होता. हळूच मान हलवली. नको सांगूस.

मी म्हणालो, "हो."