विश्रामबागचे घर आणि शालनचा पाच रुपयांचा डेक

मी, आदगोंडा बाबगोंडा पाटील, वय वर्षे ७१, धंदा पूर्वी हळदीची अडत, हल्ली काही नाही, राहणार विश्रामबाग, सांगली, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने करून ठेवतो. माझे हृदय नादुरुस्त आहे, डोके नाही. डॉ. आप्पासो मगदूम यांनी मला तपासून तसा दाखला दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला वाचून घरात कोणाला आनंद झाल्याचे दिसले नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केले होते असे कोणी म्हणालेच तर ती माझी बहीण अंबूबाई असेल, आणि ते खोटे असेल.

१. माझी पत्नी शालन चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा एकच, अतिशय. त्याची बायको दीपाली. दोघे माझ्याजवळ राहतात. इस्पितळातून आल्यापासून अतिशय मला अंघोळ घालतो, गोळ्या देतो, रात्री उठून बघतो. हे खरे आहे. त्याचा उल्लेख येथे केला, म्हणजे ते फिटले.

२. अडतीतला पितळी तराजू व वजने अंबूबाईला द्यावीत. माझ्या वजनात खोट आहे असे तिने आयुष्यभर चारचौघांत सांगितले. आता तिने ते स्वतः तोलून बघावे. स्कूटर भंगारात घालावी, तिच्या नवऱ्याला देऊ नये, तो मागणार. बँकेतील ठेव जैन बस्तीतल्या, म्हणजे आमच्या मंदिरातल्या, मुनींच्या आहारदानासाठी द्यावी. माझे कपडे कोणी वापरू नयेत.

३. आता मुख्य गोष्ट. ती हे मृत्युपत्र लिहून घेणाऱ्या वकीलबाईंना दोनदा समजावून सांगावी लागली, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

‘रणप्राणी’ नावाचा एक पत्त्यांचा खेळ आहे. प्रत्येक पत्त्यावर एक प्राणी. ज्याने त्याने दुकानातून पत्ते घ्यायचे आणि आपापला डेक, म्हणजे पत्त्यांचा संच, बांधायचा. आपल्या पाळीला एक चाऱ्याचा पत्ता मांडायचा. जितका चारा साठेल तितके प्राणी बाहेर काढता येतात. लहान प्राण्याला थोडा चारा पुरतो, मोठ्याला पुष्कळ लागतो. प्रत्येकाचा गुणांचा एक वाडगा असतो, बाहेर आलेले प्राणी समोरच्याच्या वाडग्यातले गुण खातात, आणि तो रिकामा केला की जिंकलो. यात अवघड काही नाही.

हा खेळ अतिशयने कॉलेजात असताना घरी आणला. पोराशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून शालन शिकली. शालनशी बोलायला हवे म्हणून मी शिकलो. पुढे अतिशयने नोकरी लागल्यावर खेळ सोडला आणि आम्ही दोघे म्हातारे खेळत राहिलो. दीपाली सून होऊन आली तेव्हा शालनने तिला चपात्यांच्या आधी हा खेळ शिकवला. दीपाली आमच्या तिघांपेक्षा चांगली खेळते. हे मी तिला कधी सांगितले नाही, येथे सांगतो.

शालनचा डेक सगळा पाच रुपयांचा. हे पत्ते विकणाऱ्या ऋषिराजच्या दुकानात दाराशी एक डबा असतो, कोणाला नको असलेले पत्ते त्यात पडतात, कोणताही घ्या पाच रुपये. त्या डब्यातून निवडून निवडून तिने डेक केला. मुंगूस, सायाळ, खार, टिटवी असली बारकी जनावरे. एक नाग होता, त्याला ती ‘शिराळकर’ म्हणायची, कारण तिचे आजोळ नागपंचमीच्या शिराळ्याचे. मोठे काही बाहेर यायच्या आत ही बारकी जनावरे समोरच्याचा वाडगा अर्धा करीत, आणि मोठे आलेच तर शिराळकर त्याला दारात अडवून धरी. हजार हजारांचे पत्ते घेऊन येणारी कॉलेजची पोरे तिच्यापुढे कपाळ धरून बसलेली मी पाहिली आहेत.

या खेळात ‘बळी’ नावाचा एक पत्ता असतो. आपलाच प्राणी आपण मारायचा आणि त्याच्या जोरावर समोरच्याला तडाखा द्यायचा. शालनने तो पत्ता डेकमध्ये कधी घातला नाही. “खेळ झाला म्हणून काय झालं, आपल्या हातानं आपलं जनावर मारायचं?” असे ती म्हणायची. लोक हसायचे. ती गेल्यावर तिचा डेक मी खेळू लागलो आणि तिचा नियम मी पाळला.

४. मागल्या वर्षी मी मिरजेला इस्पितळात असताना माझ्या मुलाने तो डेक उघडला. त्यात सुधारणा केल्या. मला न विचारता शालनचे पत्ते काढून ऋषिराजच्या डब्यात विकले, त्यांच्या जागी महागाचे पत्ते घातले, आणि त्यांत ‘बळी’चे चार घातले. वरून जुनेच पाकीट चढवले. का, तर मला आनंद व्हावा.

मी घरी आल्यावर पहिल्याच रविवारी स्पर्धेला गेलो. ऋषिराजच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी टेबले लागतात. माझ्यासमोर बाळासो यादव बसले होते. हे उंब्रजचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, माझे एकमेव मित्र. हातात पत्ते घेतले तेव्हा मला कळले. एकही ओळखीचे जनावर नाही. तरीही खेळलो, कारण उठून जाणे माझ्या स्वभावात नाही. शेवटी बाळासोंच्या वाडग्यात अगदी थोडे उरले, आणि माझ्या हातात एकच पत्ता राहिला, ‘बळी’. समोर माझाच एक वाघ उभा. त्याला मारले की डाव माझा.

त्या दिवशी चतुर्दशी होती. चतुर्दशीला आमच्या घरात हिरवी भाजीसुद्धा चिरत नाहीत.

बाळासोंनी माझ्या तोंडाकडे बघून ओळखले. म्हणाले, “आवं आण्णा, टाका की पत्ता. कागुद हाय त्यो, त्यात काय जीव हाय व्हय?” मी पत्ता टाकला नाही. पुढच्या पाळीला हरलो. ऋषिराज सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे म्हणाला, “आण्णांनी पत्त्यांनापण उपास धरायला लावला!” सगळे हसले. बाळासो हसले नाहीत.

घरी आल्यावर अतिशयला विचारले. तो म्हणाला, “अण्णा, तुम्ही दर वेळी शेवटाला हरता. आईच्या पत्त्यांनी आता होत नाही. एकदा तरी जिंकावं तुम्ही, एवढंच वाटलं मला.”

म्हणजे शालनच्या डेकने जिंकता येत नाही. शालनच्या नवऱ्याला जिंकता येत नाही. हे माझ्या तोंडावर, माझ्या घरात, माझ्या पोराने सांगितले. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. तो अंघोळ घालताना बोलतो, मी बोलत नाही. ऋषिराजच्या दुकानात डब्याशी स्टूल टाकून बसून शालनचा एकेक पत्ता मी शोधून परत आणला. सगळे मिळाले. ऋषिराजने एकाही पत्त्याचे पाच रुपये सोडले नाहीत, म्हणून त्याला या मृत्युपत्रात काही नाही.

५. विश्रामबागचे हे घर माझ्या कमाईचे आहे, वडिलोपार्जित नाही. ते कोणाला जाईल हे खाली लिहिल्याप्रमाणे ठरेल.

माझ्या मृत्यूनंतर सुतक फिटल्यावर येणाऱ्या पहिल्या चतुर्दशीला ऋषिराजच्या हॉलमध्ये अतिशय व दीपाली यांनी समोरासमोर बसून ‘रणप्राणी’चा एक डाव खेळावा. अतिशयने शालनचा डेक खेळावा. दीपालीने अतिशयने विकत आणलेला महागाचा डेक खेळावा, ‘बळी’च्या चारही पत्त्यांसकट. अतिशय जिंकला तर घर अतिशयचे. दीपाली जिंकली तर घर दीपालीचे, आणि अतिशयने तेथे ती ठेवील तोवर व ती ठेवील तसे राहावे.

६. शालनच्या डेकमध्ये मी पुढील बदल केले आहेत. ते कायम ठेवावेत, कोणी हात लावू नये.

दोन्ही मुंगूस काढले. सायाळ काढली. टिटवी काढली. शिराळकर काढला. त्यांच्या जागी एक पाणघोडा, दोन गेंडे, एक हत्ती आणि एक रानरेडा घातला. हेही डब्यातलेच, पाच रुपयांचे, तेव्हा डेक स्वस्तच राहिला आहे, कोणी तक्रार करू नये. पाणघोडा दिसायला भारदस्त आहे. टेबलावर येईपर्यंत डाव संपलेला असतो. माझे मेहुणे असेच मला डिस्चार्ज मिळाल्यावर इस्पितळात फळे घेऊन आले होते. शिवाय चाऱ्याचे पत्तेही निम्मे कमी केले आहेत. थोडक्यात, तोंडे मोठी आणि चारा कमी. हातात पाचही मोठी जनावरे येतील आणि एकालाही बाहेर काढता येणार नाही.

अतिशय जिंकणार नाही. मी हा डेक बाळासोंविरुद्ध आणि स्वतःविरुद्ध खेळून बघितला आहे. तो एकदाही जिंकला नाही. आईच्या पत्त्यांनी होत नाही असे त्याला वाटते ना, मग त्याने ते चारचौघांत, हातात पत्ते धरून, घर जाताना बघत अनुभवावे. तो मागच्या वेळी हसणाऱ्यांत नव्हता, कारण तो तिथे नव्हता. आता असेल.

काढलेले पत्ते, शिराळकर धरून, माझ्याबरोबर चितेवर ठेवावेत.

७. दोघांपैकी कोणी खेळायला नकार दिला, किंवा दीपाली मुद्दाम हरली, तर घर बस्तीच्या ट्रस्टला जाईल आणि दोघांनी महिन्याच्या आत खोल्या रिकाम्या कराव्यात. मुद्दाम हरली की नाही हे बाळासोंनी ठरवावे. फौजेतला माणूस आहे, खोटे बोलणार नाही. ही सगळी अट कोर्टात टिकेल का अशी शंका वकील शिवांजली खोत यांनी काढली. टिकली नाही तर डाव न होताच घर ट्रस्टला जाईल, असे लिहून घेतले आहे.

बाळासोंना हे कलम वाचून दाखवले तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, “आण्णा, तुमी मुंगीवर पाय पडू देत न्हाई. रातचं जेवत न्हाई, दिव्यावर किडं येत्यात म्हून. आन् सोताच्या पोराला असं मारताय व्हय? लय वाईट दिसतंय गड्या हे.” मी म्हणालो, मारत कुठे आहे, खेळायला लावतोय. तरीही साक्षीदार व्हायला ते तयार झाले, कारण माझे दुसरे कोणी नाही हे त्यांना ठाऊक आहे.

८. माझे दहन दिवस मावळण्यापूर्वी करावे. अग्नी अतिशयने द्यावा. दुसरा कोणी नाही.

९. माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. म्हणून वरील संपूर्ण मजकूर आज वकीलबाई व बाळासो यांच्यासमोर दीपालीकडून मोठ्याने वाचून घेतला. ती कोठेही अडखळली नाही. सहाव्या कलमात शिराळकरचे नाव आले तेव्हा फक्त एकदा थांबली. त्या पत्त्याशिवाय डेकचे काय होते हे तिला शालननेच शिकवले आहे.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, आणि तिचे शब्द मी जसेच्या तसे घालायला सांगितले आहेत:

“मामा, मी खेळणार. घर ट्रस्टला जाऊ नये म्हणून खेळणार. आणि जिंकणार, तुम्ही मला तसंही जिंकवूनच ठेवलंय. मग त्यांचा हात धरून त्यांना ह्याच घरात घेऊन येणार. तुम्हाला काय वाटलं, मी त्यांना भाडेकरूसारखं ठेवीन? पण एक आत्ताच सांगते, मागनं म्हणू नका. घरात ह्या हॉलमध्ये आत्तींचा फोटो आहे ना, तो राहील. रोज हार घालीन. तुमचा त्याच्याशेजारी लागणार नाही. ह्या घरात कुठेच लागणार नाही.”

मी वकीलबाईंना विचारले, फोटोबद्दल एक कलम घालता येईल का. त्या म्हणाल्या, “घाला हवं तर. पण अण्णा, भिंतीवर काय लावलंय हे बघायला रोज कोण येणार?” मग मी ते कलम लिहायला सांगितले नाही.

त्यांनी पुन्हा विचारले, अजून सही व्हायची आहे, पाचवे आणि सहावे कलम काढू का. बाळासो म्हणाले, “काढा की आण्णा. हात जोडतो.” दीपाली शालनच्या फोटोकडे बघत होती. मीही बघितले. भिंतीवर तिच्या उजव्या बाजूला मोकळी जागा आहे. ती मी तिच्या पहिल्या स्मृतिदिनाला माझ्यासाठी मुद्दाम सोडायला लावली होती. ती आता मोकळीच राहील.

मला वाईट वाटले. ते खोटे लिहिणार नाही. पण कलमे आहेत तशी ठेवावीत असे मी सांगितले. अतिशय माझ्या गोळ्या आणायला औषधाच्या दुकानात गेला आहे. तो परत येण्याच्या आत सह्या उरकाव्यात.

ठिकाण: विश्रामबाग, सांगली
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्र करणार: आदगोंडा बाबगोंडा पाटील (सही)

वरील इसमाने आमच्यादेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली:

साक्षीदार १: बाळासो नाथाजी यादव, निवृत्त सुभेदार, मु. पो. उंब्रज, ता. कराड, जि. सातारा (सही)

साक्षीदार २: शिवांजली खोत, वकील, सांगली (सही)