सगळ्यात उंच प्लॉट

१८ मार्च १९८८, शुक्रवार, गुढीपाडवा
स्वतःच्या घरात पहिली नोंद. दुपारचे दोन. धुळ्यात देवपूरच्या पुढे, कॉलनीतला सगळ्यात उंच प्लॉट. रस्त्यावरून मान वर केली की आपलंच घर दिसतं. पायऱ्याही भरपूर आहेत, त्यामुळे रुबाब येतो. आधीचा मालक इथे जेमतेम वर्षभर राहिला आणि घाईघाईने विकून मोकळा झाला. बिचाऱ्याला घराची किंमत कळली नाही. सौद्याच्या वेळी मी मुद्दाम चेहरा पाडून बसलो होतो. तो मात्र हसत होता. कुंदाने नंतर विचारलं, तो का हसत होता. बायकोला व्यवहार समजावत बसायला वेळ नव्हता.

मुहूर्तावर संकल्प: महिनाअखेर आईला कापडण्याहून इकडे आणायचं, कायमचं. वय सहासष्ट, गुडघे गेलेले, जन्मभर विहिरीवरून पाणी वाहिलेलं. माझ्या घरी आई कळशी उचलणार नाही. धाकट्या भावाला, झुलालला, चार माणसांदेखत तसं सांगून आलोय.

२० मार्च, रविवार
इथे पाणी दिवसाआड, साडेअकरा ते साडेबारा. नळ सोडून समोर पाट टाकून बसलो. तासभर हवा आली. आवाज चांगला मोठा आहे, म्हणजे लाईन चालू आहे.

शेजारी, खालच्या अंगाला हिलालभाऊ राहतात. एसटीचे रिटायर ड्रायव्हर. त्यांनी अंगणात नळापाशी कमरेएवढा खड्डा केलाय. कॉलनीत सगळ्यांनीच केलाय. नळ खड्ड्यात, भरणारी बाईही खड्ड्यात, डोकं तेवढं जमिनीवर. मला म्हणाले, भाऊ, तुम्हीबी एक खड्डा खनी ल्या. मी नुसता हसलो. पाटबंधारे खात्यात एकोणीस वर्षं ट्रेसर आहे, नकाशे गिरवतो. कालवेच्या कालवे या हाताखालून गेले. दारात खड्डा खणणं म्हणजे हार मानणं.

२२ मार्च
कुंदाने हिलालभाऊंच्या खड्ड्यातून चार कळश्या पाणी आणलं. मी सक्त मनाई केली. पाटबंधारे खात्यातल्या माणसाच्या बायकोने दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरायचं म्हणजे काय. तिने विचारलं, मग मेथी कशात धुऊ. ही नेहमी मूळ मुद्दा सोडून बोलते.

२३ मार्च, ऑफिसात, डब्यानंतर
योजना तयार. ट्रेसिंग पेपरवर, रोटरिंग पेनाने. रस्त्यापासून ओट्यापर्यंतचा अर्धा इंची पाइप काढून दीड इंची टाकायचा, टोकाला पुन्हा अर्धा इंच. रुंद पाइपातलं पाणी अरुंद तोंडाशी आलं की चिडतं आणि वर चढतं. साहेबांना दाखवली. म्हणाले, लाइनवर्क सुंदर आहे. म्हणजे वरून मान्यता मिळाली.

२७ मार्च, रविवार
काम पूर्ण. वना प्लंबर चांगला कारागीर, पण विचार नाही. पाइप जोडता जोडता तीनदा म्हणाला, साहेब, पानी वर चढाव नही. त्याला गुरुत्वाकर्षण समजावून सांगितलं. तो म्हणाला, तेच सांगतोय.

ओट्यावर तीन बाय तीन फुटांची सिमेंटची टाकी बांधून घेतली. आतल्या भिंतीवर मी स्वतः ऑइल पेंटने इंचाच्या खुणा केल्या, धरणावर असतात तशा. यापुढे रोजनिशीत पातळी नोंदवत जाणार.

२८ मार्च
टाकी: शून्य. नवं सिमेंट पाणी पितं.

३० मार्च
टाकी: शून्य. कुंदाचं म्हणणं, आईंना आत्ता आणू नका. इतक्यात धीर सुटला हिचा.

३१ मार्च
आईला आणलं. पायऱ्या चढताना तीनदा बसली. वर आल्यावर म्हणाली, घर चांगलं शे. टाकी दाखवली, खुणा दाखवल्या. टाकीत वाकून पाहिलं तिने.

१ एप्रिल, शुक्रवार, गुड फ्रायडेची सुट्टी
टाकी: शून्य. पाइपाला कान लावून तासभर ऐकलं. आत पाणी येतं, ओट्याच्या दोन हात खाली येऊन थांबतं. फक्त दोन हात. आई दारात बसून माझ्याकडे बघत होती. मला एकदम लहानपणच्यासारखं रडू आलं. तोंड धुवायला उठलो, तर तांब्यात पाणी नव्हतं.

३ एप्रिल, रविवार
टाकी: शून्य. संकल्प: जिभेवर ताबा ठेवायचा. कुंदाला आज नको ते बोललो.

५ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी सहा
टाकी: नऊ इंच.

पुन्हा मोजलं. नऊच.

पेढे आणले. हिलालभाऊंकडे स्वतः नेऊन दिले आणि तत्त्व समजावलं. पाइपाला आठ दिवस द्यावे लागतात, एवढंच. त्यांनी बायकोकडे, भिकुबाईंकडे पाहिलं. भिकुबाईंनी पदराला तोंड पुसलं आणि घरात गेल्या. दुसऱ्याचं बरं झालेलं लोकांना बघवत नाही. आईच्या पाया पडलो. म्हणालो, आता बस नुसती, नळ सोड नि पाणी घे. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. हात गार होता.

७ एप्रिल
टाकी: दहा इंच. ऑफिसात योजनेच्या तीन प्रती काढून वाटल्या. साहेबांना म्हणालो, आमच्याकडे पाण्याचा प्रश्न मिटला.

९ एप्रिल, दुसरा शनिवार
घरी होतो. टाकी: शून्य. सोपं कारण आहे. सुट्टीच्या दिवशी सगळे घरी असतात, सगळे नळ एकदम सोडतात, दाब पडतो. कामाच्या दिवशी लोक ऑफिसात, म्हणून आपल्याला पाणी. हे कोणाच्या लक्षात आलं नसेल.

११ एप्रिल
टाकी: नऊ इंच. आईचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. विचारलं तर म्हणाली, सांडनं. सांडलवंड करू नको म्हणून थोडा चढ्या आवाजात बोललो. पाणी मुबलक झालं की माणसाला त्याची किंमत राहत नाही.

१३ एप्रिल
टाकी: सात इंच. आईचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजलाय. फरशीचा गारवा. गावाकडे सारवलेली जमीन होती ना. कापडी चपला आणून दिल्या आणि बजावलं, नुसती बसून राहा. कुंदा भाकरी थापता थापता थांबली, काही तरी बोलणार होती. आईने तिला हाताने गप्प केलं. सासू-सुनेचं इतकं जमेल असं वाटलं नव्हतं. एकूण घरात शांतता आहे. कुंदाने तक्रार करणं पूर्ण सोडलंय.

१५ एप्रिल
टाकी: सहा इंच. पातळी उतरते आहे. उन्हाळ्यात हे धरणांचंही होतं.

१७ एप्रिल, रविवार
टाकी: शून्य, अपेक्षेप्रमाणे. दिवसभर घरात होतो. आई खाटेवरून उठली नाही. रविवारचा आराम तिला मानवतो असं दिसतं.

१९ एप्रिल, मंगळवार
दुपारी पाऊण वाजता हिलालभाऊ सायकलवर ऑफिसात आले. घामाघूम. म्हणाले, भाऊ, चाला, माय पडनी.

पायऱ्यांवर. कळशी घेऊन. डावं मनगट मोडलं, कपाळाला तीन टाके.

सगळं कुंदाने दवाखान्यात सांगितलं. माझ्या मनाईनंतरही प्यायचं पाणी ती तिथूनच आणत होती. ती हिलालभाऊंच्या खड्ड्यात उतरायची, भरून वर द्यायची. खड्ड्यात उतरणं आईच्या गुडघ्याला जमत नव्हतं, म्हणून पायऱ्या आई चढायची. कुंदा पहिल्याच दिवशी म्हणाली होती, मी दोन्ही करते. तासाभरात ते होत नव्हतं. मी ऑफिसला गेलो की सुरू, पाणी जायच्या आत बंद. सुट्टीला मी घरी. आणि लुगड्याचा घोळ ओला दिसला तर मी रागवायचो.

आईला विचारलं, का. प्लास्टर ओलं होतं, हात उशीवर ठेवला होता. म्हणाली, त्या सुट्टीच्या दिवशी मला पाइपाला कान लावून बसलेलं पाहिलं, ते तिला पाहवलं नाही. एकदाच टाकी भरून ठेवू, पोराचा जीव निवेल, एवढंच मनात होतं. पन तू त्या दिन इतला खूश व्हयना, मंग माले सांगता उनं नही.



२१ एप्रिल
झुलाल जीप घेऊन आला. चार माणसांदेखत जे मी बोललो होतो ते त्याला आठवत होतं, हे दिसत होतं. आईला त्याने हातांवर उचलून खाली नेलं. मी मागून तिच्या कापडी चपला घेऊन उतरलो. पायऱ्या अकरा आहेत.

जीपमध्ये बसल्यावर मी म्हणालो, पंधरा दिवसांत काही तरी करतो, मग न्यायला येतो. आई म्हणाली, काही करू नको. तुले पानी भरता उनं की मी येसू.

२४ एप्रिल, रविवार
दारात खड्डा खणायला घेतला. वना आणि मी. दीड फुटावर काळा खडक. पहार मारली की दगडातून ठिणगी निघते. वना म्हणाला, आधीच्या मालकानेही हेच केलं होतं, याच जागी. मग त्याने ते आधी का सांगितलं नाही? म्हणाला, साहेब, तुम्ही विचारलं कुठे.

२५ एप्रिल, रात्री
कुंदा झोपली. खुणांवरून हिशेब काढला. तीन बाय तीनच्या टाकीत एक इंच म्हणजे दोन कळश्या. नऊ, दहा, नऊ, सात आणि सहा मिळून एकेचाळीस इंच. ब्याऐंशी कळश्या. गुणिले अकरा पायऱ्या. नऊशे दोन. यात एकोणीस तारखेच्या धरल्या नाहीत, त्या टाकीत पोचल्याच नाहीत. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या पाण्याची मापं काढली. मला लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२६ एप्रिल, मंगळवार
उद्या पाणी. साहेबांकडे अर्ज दिला, दिवसाआड अर्ध्या दिवसाची रजा, जूनअखेरपर्यंत. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं होतं, ते खोडून 'पाणी भरणे' लिहिलं. हिलालभाऊंना सकाळीच विचारून आलो होतो. भिकुबाई म्हणाल्या, विजार वर खोची ल्या आणि मंग उतरा.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. चष्मा काढला. विचारलं, का हो, पाटबंधारे खात्यातला माणूस, आणि तुमच्या घरी पाणी येत नाही?

मी म्हणालो, नाही.