परतीचे पॉइंट

प्रिय योगेंद्र,

मोबाईल सोडून ताईला कागद कसा आठवला, म्हणून हसू नको. माझं व्हॉट्सअ‍ॅप शालिग्रामभाऊंच्या धुळ्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर उघडं असतं, हे मला परवा कळलं. म्हणून हे पत्र. शेजारच्या प्रमिलाबाई लग्नाला धुळ्याला निघाल्यात, त्यांच्या पिशवीत घालतेय. एकटा असशील तेव्हा वाच, आणि शेवटपर्यंत वाच. अर्ध्यावर उठून जायची तुझी खोड मला माहीत आहे, फोन तर तू अर्ध्यातच ठेवून देतोस.

गेल्या आखाजीच्या सणाला तू जळगावला आला होतास, आठवतं? नणंदबाई माहेरपणाला आलेल्या, सोबत आमचे जावईबापू, म्हणजे शालिग्रामभाऊ. आमरस-मांड्यांचं जेवण झालं आणि भाऊ झोक्यावर बसून एकेकाचा मोबाईल मागायला लागले. तुझ्या दाजींच्या क्रेडिट कार्डावर पॉइंट पडून होते. सावद्याच्या काकासासऱ्यांचे तर ढीगभर. त्यांच्या केळीची रोपं, ठिबक, ट्रकचं डिझेल सगळं कार्डावरच चालतं. कोणाचे हॉटेलात जमलेले, कोणाचे विमानाचे. सुट्या केळांना व्यापारी विचारत नाही, घड लागतो, असं भाऊ म्हणाले आणि काकासासरे लगेच विरघळले. विमान कंपनीत कुटुंबाचं एक खातं काढता येतं, त्यात सगळ्यांचे पॉइंट ओतायचे आणि फुकट तिकिटं काढायची. खातं माझ्या नावानं निघालं, घरची लक्ष्मी म्हणून. मी पण फुगले की! त्यानंतर माझं काम एवढंच, भाऊंचा फोन आला की मोबाईलवर आलेला कोड वाचून दाखवायचा. का, कशाला, कोणासाठी, मी कधी विचारलं नाही. जावयाला नाही म्हणायची आपल्याकडे रीत नाही. जावयानं मागितली तर माणसं दुभती म्हैस सोडून देतात, मग कोडाचं काय घेऊन बसलास.

दिवाळीनंतर तुझा पिंपळनेरचा दोस्त बबलू याच खात्यातल्या तिकिटावर बँकॉकला गेला. कॉम्प्युटरवर माहिती भरायची नोकरी, भाऊंनीच लावलेली, राहणं-खाणं कंपनीचं. तू, तो आणि त्याचा धाकटा भाऊ पुन्या, तिघांनी एकाच दिवशी पासपोर्ट काढले आणि नंबर लागला एकट्या त्याचा, म्हणून तू किती चरफडला होतास! आता तुझा नंबर लागला आणि तू धुळ्यात सगळ्यांना पेढे वाटून मोकळा झालास. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू.

परवा दुपारी बबलूची आई, गुंताबाई, माझ्या दारात उभी. पिंपळनेरहून एसटीनं एकटी आलेली, हातात तिकिटाची झेरॉक्स. घरात यायला तयार नाही, पाणी घेईना. मी बस म्हटलं तर त्या कागदावर बोट ठेवून म्हणाली, “तिकिटवर तुन्हं नाव शे, बाई. मना आंडोर कोठे शे, ते तूच सांग.” लेकाचा आवाज तिनं संक्रांतीपासून ऐकलेला नाही. मी ठीक आहे, काळजी करू नको, असे मेसेज तेवढे येतात. तेही शुद्ध पुस्तकी मराठीत, आणि बबलू कसा बोलतो ते तुला मी सांगायला नको. कागदावर खरंच माझं नाव होतं, कारण पॉइंट माझ्या खात्यातले.

ती गेल्यावर मी पहिल्यांदा ते खातं स्वतः उघडून बघितलं. बबलूची जाण्या-येण्याची वेगवेगळी तिकिटं काढली होती. ज्या दिवशी तो तिकडे उतरला, त्याच दिवशी त्याचं परतीचं तिकीट इथून रद्द केलेलं. पॉइंट खात्यात परत आले आणि जसेच्या तसे राहिले. त्याच पॉइंटांतून तुझं जाण्याचं तिकीट निघालंय. बबलूच्या आधी आणखी तीन पोरांची नावं आहेत, कुटुंबातले म्हणून दाखवलेली. मी त्यांतल्या एकालाही ओळखत नाही. प्रत्येकाचं येणं रद्द, आणि त्यातून पुढच्याचं जाणं. मी पुन्हा पुन्हा बघितलं, माझंच काही चुकत असेल म्हणून. चुकलं नव्हतं. तुझ्या दाजींना दाखवलं, तर म्हणाले, घरच्या जावयावर आळ घेतेस?

तुझं तिकीट मी काल सकाळी रद्द केलं. कंपनीची चूक झाली, दुसरं देतो, असं तुला सांगतील; घेऊ नको. न्यायला गाडी आली आणि ताईनं पाठवली म्हणाले, तरी बसू नको. माझ्यावर वर्षभर रुसून बस, मी रुसवा काढायला येईन. पॉइंट खात्यात परत आले तेव्हा मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं. संध्याकाळी मी भाकरी टाकत होते आणि मोबाईल बाहेर दाजींजवळ होता. भाऊंचा फोन आला, दाजींनी कोड सांगून टाकला. वर मला कौतुकानं म्हणाले, बघ, भाऊंचं मन किती मोठं, भावाला आणायला भावाला पाठवताहेत. पुन्याला पाठवताहेत रे! गुंताबाईनं मोठ्या आशेनं त्याची बॅग भरली असेल. मी खातं उघडायला गेले तर पासवर्ड बदललेला, त्याच्या तिकिटाचा मेसेज तेवढा माझ्या मोबाईलवर आलाय. पुन्याचा मोबाईल बंद लागतोय. मी आता इथल्या पोलीस ठाण्यात निघालेय, कोणी सोबत येवो न येवो. पण तिथे कागद होईपर्यंत पुन्या मुंबईला पोचलेला असेल, आणि धुळ्याहून त्याच्या घरी वेळेत पोचेल असा तू एकटाच आहेस. म्हणून हे पत्र. वाचून झालं की अंगावरच्या कपड्यांनिशी पिंपळनेरची गाडी पकड आणि पुन्याला दाराबाहेर पडू देऊ नको. तो ऐकणार नाही, तुझ्यासारखाच हट्टी आहे. मग त्याच्या आईला त्याचं तिकीट दाखव. परतीचं या वेळी काढलेलंच नाही, आणि त्यावरही माझंच नाव आहे.

तुझ्या फोनची नाही, तुझी वाट बघणारी,
तुझीच,
सारिकाताई