न झाडलेली जागा

माय,

तुले आणि बाबाले जयभीम. मी इथं हवाई तळावर बरा आहो, पोटभर जेवतो. साऱ्यायचे फोन जमा करून घेतले, म्हणून पत्र लिहून राह्यलो. आपल्या लहानग्या मैत्रेयीचा ताप उतरला काय?

काल सकाळी पायलट साहेब लढाऊ विमान घेऊन गेले, ते अजून वापस आले नाही. चढाले शिडी मीच लावलती.

विमान उडालं की त्याची जागा झाडून काढा लागते, एक खडा इंजिनात गेला तरी घात होते. मी झाडली नाही. गेलेला माणूस पोचल्याबिगर तू बी घर झाडत नाही ना. दुसऱ्यानं झाडू उचलला, तर मी त्याच्या हातातून हिसकला.

बाबा अंधश्रद्धा म्हणतीन, त्यायले सांगू नको. पण पत्र भेटन त्या दिवशी साहेबासाठी तू बी घर झाडू नको, माय.

तुझा,
धम्मरत्न