तीन कोरे महिने

आई, काल मी तुझी गोष्ट तीस-चाळीस माणसांसमोर सांगितली आणि वर टाळ्याही घेतल्या. रत्नागिरीच्या आमच्या दवाखान्यात तालुक्यातालुक्यांतून नर्स आल्या होत्या, गावोगावच्या आशाताई होत्या, मुंबईचे दोन डॉक्टर पुढच्या रांगेत बसले होते. फिटची खरी नोंद घरच्या माणसांकडून कशी मिळवायची, हे मी त्यांना शिकवत होते. मी बोलते बरी. हे स्वतःच्या तोंडानं सांगायची मला आता लाज वाटत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पुरे गो बायो, किती ती आपलीच आरती!" पण घरी आल्यावर जेवणात लक्ष लागेना. आज रविवार, चहा झाला आहे, काम काही नाही, म्हणून लिहायला बसले.

तुला काय झालं होतं ते आधी सांगते, कारण ते तुला कोणी कधी सांगितलंच नाही. कानाच्या वर, आत खोल, मेंदूचा एक बोटाएवढा भाग असतो. दोन्ही बाजूंना एकेक. नवी आठवण रुजते ती तिथे. तुझा डाव्या बाजूचा सुकलेला असणार. सव्वा वर्षाची असताना तू तापात अर्धा-पाऊण तास झटके देत होतीस, असं तुझी आई सांगायची, आणि तशा लांबलेल्या तापाच्या झटक्यांनंतर पुढे वयात येता येता हा आजार उभा राहिलेला मी किती जणांत पाहिला आहे. मेंदूचा फोटो काढायची सोय तेव्हा आपल्याकडे नव्हती. तुझा फोटो मी पाहिलेला नाही, तरी पैज लावायला तयार आहे. मी काम करते ते याच आजारावर: सुकलेला तो भाग ऑपरेशननं काढला, तर फिट थांबतात का आणि आठवणशक्तीचं काय होतं, हे आम्ही ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही वर्षं तपासत राहतो. तपासणीतली आठवणीची परीक्षा मी घेते. पंधरा शब्द वाचून दाखवायचे, अर्ध्या तासानं पुन्हा विचारायचे. तू त्यात नापास झाली असतीस, आणि चिडली असतीस.

बाजू मी कशी ओळखली, तेही सांगते. आपलं स्वयंपाकघर. तू चुलीपुढे बसली आहेस, मी दाराशी अभ्यास करते आहे. चुलीवर नुसती आमटी असताना तू विचारतेस, "दूध करपलं काय गो?" तो वास फक्त तुला यायचा. मग तुझी नजर भिंतीवर जाऊन थांबते, तोंड सुपारी चघळल्यासारखं हलतं, उजवा हात आखडतो आणि डावा हात पदराचं टोक चिवडत राहतो. दीड-दोन मिनिटं. मग तू परत येतेस, पण शब्द येत नाहीत. पळीकडे बोट दाखवतेस आणि म्हणतेस, "ती... ती दे गो." उजवा हात आखडणं, मागाहून शब्द न सापडणं: डावी बाजू. हे ओळखायला मला आता मशीन लागत नाही. जमिनीवर पडून हातपाय झाडणं तुझ्या बाबतीत वर्षातून एखाद्या वेळी व्हायचं, आणि गाव त्यालाच फेफरं म्हणायचं. या दोन मिनिटांच्या हरवण्याला आपल्याकडे नावच नव्हतं.

आमटीत मीठ दोनदा पडायला लागलं तेव्हा तू रडली नाहीस, युक्ती काढलीस. मीठ घातलं की पळी झाकणावर उपडी ठेवायची. पळी उताणी असेल तर मीठ राहिलंय. बाबा सुट्टीवर आले की मुद्दाम पळी फिरवून ठेवायचे आणि हसायचे, आणि तू खरोखर संतापायचीस. आज मी ऑपरेशन झालेल्या बायकांना हेच शिकवते. काल मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुठल्या पुस्तकातलं? मी म्हटलं, आमच्या घरचं.

ज्या वर्षी तू अंगणात हातपाय झाडत पडलीस, त्या वर्षी पालीच्या बाजारातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मला, सातवीतल्या मुलीला, जबाबदारी दिली. जेव्हा जेव्हा होईल तेव्हा कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची. मोठं असो, छोटं असो. बाबा मुंबईला, घरात आपण दोघीच, दुसरं कोण मारणार? मला ते काम आवडलं. इतकं आवडलं, की शाळेत मी सगळ्यांना सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत ते तुझ्यापर्यंत पोचलं. तेव्हा तू जे बोललीस ते मला अजून ऐकू येतं: "माझ्या डोक्याची दवंडी कशाला पिटतेस गो?" मारलं नाहीस. दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, हे जास्त लागलं. पुढे शिमग्याला बाबा आले. त्यांनी गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं, गुरवानं देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवल्या, उजवीकडची आधी पडली. उजवा कौल, म्हणजे देवाचा होकार. त्या दिवसापासून तू मला फुली मारू दिली नाहीस. "देवानं बरी करतो म्हटलान. आता फुली मारलीस तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल." तीन महिने कोरे गेले. डॉक्टर खूश झाले, तुला दिवसभर गुंगी यायची म्हणून त्यांनी एक गोळी कमी केली. दिवाळीच्या आधी, मी शाळेत असताना, पऱ्यावर कपडे धुवायला गेलेली तू गुडघाभर पाण्यात पालथी सापडलीस. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. त्या एका गोळीनं फरक पडला असता की नाही, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही, आणि मी या विषयात पुष्कळ गोष्टी छातीठोक सांगते.

आता ज्या बाईमुळे ही गोष्ट काल निघाली, तिचं सांगते. राजापूरकडची, पस्तिशीची. काजूच्या कारखान्यात होती, तिथे भट्टीजवळ एकदा हरवली म्हणून कामावरून काढली. नवरा मुंबईला. तिला घेऊन येते तिची सासू, काटक, खणखणीत आवाजाची. फोटोत डावी बाजू सुकलेली स्वच्छ दिसते, तीन तऱ्हेच्या गोळ्या देऊन झाल्या. ऑपरेशन झालं तर तिचे दिवस पालटतील अशी चांगली आशा आहे. पण त्याआधी तीन महिन्यांची नोंद लागते. फिट चालू असतील तरच डोकं उघडायचं; थांबल्या असतील तर कशाला? सासूनं कॅलेंडर उलगडून टेबलावर ठेवलं. तिन्ही महिने कोरे.

आमचे डॉक्टर म्हणाले, "वा, छान. मग ऑपरेशनच्या यादीतून नाव काढू या." मी म्हटलं, "थोडं थांबा, माझी परीक्षा होऊ दे." कोरं कॅलेंडर माझ्याइतकं कोणाला वाचता येत नाही, आई. मी तिला पंधरा शब्द वाचून दाखवत होते. आठव्या शब्दाशी तिची नजर खिडकीवर थांबली. तोंड हलू लागलं, उजवा हात आखडला. सासू शेजारी बसून मला त्यांच्या आंब्याच्या कलमांबद्दल सांगत होती. तिनं बोलणं थांबवलं नाही. नुसता हात पुढे केला, सुनेचा पदर सारखा केला, तोंडाची लाळ पुसली, मनगट धरून ठेवलं, आणि कलमांचं सांगत राहिली. ज्या हातांना ते काम रोजचं असतं त्यांनाच तसं न बघता करता येतं.

मी विचारलं, "मावशी, हे किती वेळा होतं?"

"नाय हो. आता होत नाय. देवानं उजवा दिलान."

"आत्ता झालं ते?"

ती खाली बघून म्हणाली, "मी काय आंधळी हाय काय, बाय? पन फुली मारू कशी? देवाच्या शब्दावर काट मारल्यासारखी होते ती."

आमचे डॉक्टर देशावरचे, माणूस चांगला, पण अशा वेळी त्यांना घाम फुटतो. ते समजावायला लागणार एवढ्यात मी म्हटलं, "मावशी, मग देवालाच विचारा ना. फुल्या माराव्या की नको, असा कौल लावा." डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर म्हणाले, "आणि डावा आला तर? बाईचं ऑपरेशन पाकळीवर सोडलंत तुम्ही." मी म्हटलं, पाकळीवर नाही, सासूवर सोडलंय. ज्या बाईनं मनगट तसं धरलं होतं, ती डाव्या कौलावर घरी जाणारी नव्हती. माझी खात्री होती, आणि मी ती लपवली नाही.

पुढच्या महिन्यात ती आली. कॅलेंडर फुल्यांनी भरलं होतं, काही तारखांवर दोन-दोन. "उजवा दिलान," म्हणाली. मी विचारलं, "पहिल्याच खेपेला?" ती म्हणाली, "तिसऱ्या. मीच नीट विचारलं नव्हतं." आणि पहिल्यांदाच हसली. पुढचे दोन महिनेही तिनं असेच भरून आणले. सुनेचं नाव यादीत राहिलं. पुढच्या आठवड्यात मुंबईला ऑपरेशन आहे. परवा सून मला म्हणाली, "ताई, शब्द विसरेन काय हो मी?" मी खोटं सांगितलं नाही. म्हटलं, काही शब्द जातील, कदाचित जरा जास्तच, पण दिवस तुझे तुझ्याकडे राहतील. ती म्हणाली, "चालेल. शब्द सासूला येतात."

काल हे सगळं मी सांगितलं, आणि एका नर्सनं हात वर करून विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोरं कॅलेंडर बघून लगेच कसं कळलं?" मग मी तुझी गोष्ट सांगितली. कौल, देवाला खोटं पाडायचं नाही, तीन कोरे महिने, पऱ्या. मग टाळ्या. आणि टाळ्या चालू असतानाच मला कळलं की मी सगळं देवावर आणि तुझ्यावर ढकलून मोकळी झाले आहे.

कारण फुल्या कौलानंतर थांबल्या हे खरं, पण कमी झाल्या त्या आधीच. बाबांनी कौल लावला तो कमी झालेल्या फुल्या बघूनच; मुंबईहून आल्या आल्या त्यांनी कॅलेंडर चाळलं आणि म्हणाले, "गुण येतोय, देवाला विचारू या." गुण येत नव्हता. झालं असं होतं, की एका दुपारी माझी वर्गातली मैत्रीण घरी आली होती आणि तू तिच्यासमोर हरवलीस. ती हसली नाही. घाबरून घरी पळून गेली, आणि पुन्हा आली नाही. त्यानंतर तू करपलेल्या दुधाचं विचारलंस की मी उठायचे. कळशी घ्यायचे किंवा गोठ्यामागे जाऊन उभी राहायचे. मनात दोनशे आकडे मोजायचे आणि परत यायचे. पाहिलंच नाही तर फुली कसली? तू मागाहून विचारायचीस, "आता काय झालं काय गो मला?" मी म्हणायचे, "मला काय माहीत, मी बाहेर होते." आणि ते खरंच होतं, म्हणून मला त्याचं काही वाटायचं नाही.

आता मी दिवसभर पडद्यावर फिट बघते. पेशंटला चोवीस तास कॅमेऱ्यासमोर ठेवतात, आणि प्रत्येक क्षण मी पुढे-मागे करून पाहते. कितीही वाईट असली तरी नजर काढत नाही, हे माझ्याबद्दल आमच्याकडे सगळे सांगतात. इतकी वर्षं माझा एकच आधार होता: तुला ते काही आठवणं शक्य नव्हतं. हरवलेली दोन मिनिटं कोणालाच आठवत नाहीत. पण हा आधार अर्धवट आहे, आणि माझ्याइतकं हे कोणाला ठाऊक असणार? हरवण्याच्या आधी, वास येतो तेव्हा, माणूस पूर्ण शुद्धीवर असतं. बघतं, ऐकतं, आणि पुष्कळदा तेवढं त्याच्या लक्षातही राहतं. पेशंट मला रोज हेच सांगतात आणि मी रोज ते लिहून घेते.

हे मी काल बोलले नाही, आणि हा कागदही कोणाला वाचून दाखवणार नाही. तूच एकटी आहेस जिला ते सांगायची गरज नाही. मी उठून जात होते तेव्हा तू शुद्धीवर होतीस, आई. तू मला जाताना पाहत होतीस, आणि एकदाही थांब म्हणाली नाहीस.